चित्र इथलं, आवाज तिथला

मंगलाष्टकं चालू झाली की लग्नघरात एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी काहीतरी घडत असतं. बोहल्यावर अंतरपाट धरलेला असतो, भटजींच्या हातात माइक असतो, नवरीमागे मामा उभा असतो. खाली मांडवात मूठभर अक्षता मिळाल्या नाहीत म्हणून पोरं एकमेकांच्या हातातल्या हिसकावत असतात. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेली आजी डोळे पुसत असते. दारात सनईवाला ओठाला पत्ती लावून शेवटच्या ‘सावधान’ची वाट बघत असतो. आणि कॅमेरा एकच. ऐकण्यासारखं सगळं बोहल्यापाशी, बघण्यासारखं सगळ्या मांडवात. कॅमेरा आजीकडे नेला तर कॅसेटवर आजीच्या शेजारचं खोकणं येतं आणि मंगलाष्टक लांब कुठेतरी पुटपुटल्यासारखं ऐकू येतं.

लग्नाच्या व्हिडिओच्या आमच्या धंद्यातलं सगळ्यात जुनं कसब या अडचणीतून आलं. एका ठिकाणी घेतलेला आवाज तसाच चालू ठेवायचा आणि त्याच्यावर दुसऱ्या ठिकाणचं चित्र बसवायचं. आज हे शाळेतली पोरगी मोबाइलवर करते. बोटानं आवाजाची पट्टी चित्रापासून सुटी केली, सरकवली, झालं. पण ही पट्टी सुटी होण्याआधी बरीच वर्षं ती चित्राला घट्ट चिकटलेली होती. त्या वर्षांत लाखो घरांची लग्नं कॅसेटवर गेली. त्यांतल्या कितीतरी लग्नांचा खरा आवाज कसा पुसला गेला आणि थोडासा कसा वाचला, हे लिहून ठेवलं पाहिजे असं मला फार दिवस वाटत होतं. कपाटातल्या कॅसेटी अजून आहेत, पण फार दिवस टिकणार नाहीत.

मी मिरजेचा. १९८८ साली एका फोटो स्टुडिओत उमेदवारीला लागलो. तिथं एडिटिंगला अण्णा होते. अण्णांनी तरुणपणी कोल्हापूरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणाच्या खात्यात मदतनीस म्हणून काम केलेलं. मराठी सिनेमाचं बरंचसं काम पुण्या-मुंबईकडे सरकलं तसे ते गावाकडे आले आणि पोटापाण्यासाठी लग्नाच्या कॅसेटी जोडायला लागले. कोल्हापूरच्या मातीतल्या माणसाला बोलपटाचा अभिमान असतो, तसा त्यांनाही होता. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली, १९३२चा ‘अयोध्येचा राजा’ तिथलाच, आणि १९३३ साली कंपनी पुण्याला गेली हे ते घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत.

अण्णांकडून मला पहिल्यांदा कळलं की सिनेमात चित्र आणि आवाज जन्मापासून वेगळे असतात. चित्राची रीळ वेगळी, आवाजाची वेगळी. क्लॅपच्या फळीचा ‘टक्’ हा आवाज आणि फळी मिटल्याची चौकट जुळवून दोन्ही रिळं एडिटिंगच्या टेबलावर शेजारी शेजारी पळवायची. त्यामुळे नायिकेचं वाक्य संपायच्या आधीच नायकाच्या चेहऱ्यावर जाता येतं आणि वाक्य मात्र चालू राहतं. बोलपटाच्या सुरुवातीला नट गात असताना वादक सेटमागे, झाडामागे लपून वाजवत आणि सगळं एकदमच मुद्रित होई. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सनं ‘धूपछांव’ काढला. नितीन बोस दिग्दर्शक, रायचंद बोराल संगीतकार. त्यात गाणं आधी मुद्रित करून ते वाजवत चित्रीकरण केलं. एका खोलीतला गळा दुसऱ्या जागच्या ओठांखाली आला, आणि आपल्याकडचा पुढचा सगळा सिनेमा त्या वाटेनं चालला.

“पोरा,” अण्णा म्हणायचे, “तोंड दिसतंय तवर आवाज त्येचाच पायजे. तोंड दिसंना झालं की मग आवाज आपला.”

हा एवढा एकच नियम त्यांनी दिला. बाकीचं मी त्यावरून काढलं.

व्हिडिओच्या आधीही काही सधन घरांत सुपर-८चे घरगुती सिनेमे होते. मिरजेतल्या एका डॉक्टरांच्या घरची रिळं मी पाहिली आहेत, बहुतेक मुकी. कोडॅकनं १९७३ साली आवाज धरणारी सुपर-८ फिल्म आणली. तिच्या कडेला चुंबकीय पट्टी असे, आणि चित्राच्या चौकटीचा आवाज त्या चौकटीच्या १८ चौकटी पुढे असे, कारण यंत्रात भिंग आणि आवाजाचं हेड एका जागी बसवता येत नाही. सेकंदाला १८ चौकटी या वेगानं तो पुरा एक सेकंद झाला. म्हणजे चित्र बघून कात्री लावली की आवाज भलत्याच जागी तुटायचा. घरगुती माणसानं तो नाद सोडून दिला, यात नवल नाही.

मग व्हीएचएस आली. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्तानं दूरदर्शन रंगीत झालं, घरात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर येऊ लागले आणि त्या दशकाच्या शेवटापर्यंत आमच्याकडे ‘व्हिडिओ शूटिंग’ हा लग्नाच्या यादीतला खर्च होऊन बसला. खांद्यावर पॅनासॉनिकचा एम-७, नंतर एम-३०००, एम-९०००. शेजारी सनगनचा झगझगीत दिवा धरलेला पोरगा, त्याच्या हातात वायरचं भेंडोळं. एम-७च्या आत पूर्ण आकाराची कॅसेट बसायची, तीच कॅसेट बाहेर काढून व्हीसीआरमध्ये घालायची. चित्र आणि आवाज एकाच फितीवर. इथं सिनेमावाल्यांची सुटी रीळ संपली.

ती फीत मी अण्णांच्या सांगण्यावरून एकदा खोलून पाहिली होती. अर्धा इंच रुंद, म्हणजे १२.७ मिलिमीटर. मधल्या मोठ्या भागात चित्र तिरक्या रेघांनी लिहिलेलं असतं, गरगर फिरणाऱ्या ड्रमवरच्या हेडनं. खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक, फीत किती पुढे गेली याचे ठोके मोजणारा. आणि वरच्या कडेला जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी, ती आवाजाची. ही पट्टी स्थिर हेडसमोरून फीत सरकेल त्या वेगानं लिहिली जाते, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीत तो वेग सेकंदाला २.३४ सेंटिमीटर. साध्या गाण्याच्या कॅसेटचा वेग ४.७६. म्हणजे वीस-पंचवीस रुपयांच्या कॅसेटपेक्षा निम्म्या वेगानं आमचा आवाज लिहिला जात होता. बारीक स्वर उडायचे, मागे सतत ‘सूं’ असायची. लग्नाच्या कॅसेटीतला आवाज घुमा का येतो याचं कारण एवढंच आहे. शूटिंगवाल्याला नावं ठेवून उपयोग नाही.

पण आवाज कडेला आणि चित्र मध्ये, या रचनेत एक वाट शिल्लक होती. कडेची पट्टी तशीच ठेवून मधलं चित्र बदलता येत होतं. चांगल्या व्हीसीआरवर त्यासाठी ‘इन्सर्ट’ असं बटण असे. आणि चित्र तसंच ठेवून कडेची पट्टी पुसून नवी लिहायची असेल तर ‘ऑडिओ डब’. पहिल्या बटणानं आमचा धंदा शहाणा झाला. दुसऱ्या बटणानं केलेल्या नुकसानाकडे मी नंतर येतो.

इन्सर्टचं काम असं चाले. टेबलावर दोन व्हीसीआर, एक वाजवणारा, एक लिहिणारा, दोघांना दोन टीव्ही. आधी मंगलाष्टकांचा भाग जसाच्या तसा, पहिल्या अष्टकापासून वाजंत्रीपर्यंत, लिहिणाऱ्या कॅसेटवर उतरवायचा. यात चित्र कसंही असलं तरी चालतं. म्हणून अण्णांनी शूटिंगवाल्याला सक्त ताकीद दिलेली असे की मंगलाष्टक सुरू झाल्यावर बटण बंद करायचं नाही. जागा बदलायची असली तरी कॅमेरा चालूच ठेवून चालायचं, भिंगात लोकांचे पाय येवोत नाहीतर मांडवाचं छत. चित्र वाया गेलेलं चालेल, आवाज तुटायला नको. मग दुसऱ्या कॅसेटीतून आजीचे डोळे, अक्षतांच्या मुठी, उत्सुक पोरं, दारातला सनईवाला अशी चित्रं शोधायची. ती मंगलाष्टकांच्या आधीची असोत की नंतरची. काउंटरचे आकडे वहीत लिहायचे. लिहिणारं यंत्र काही सेकंद मागं न्यायचं, दोन्ही एकदम सोडायची आणि ठरल्या क्षणी इन्सर्ट. पुन्हा ठरल्या क्षणी बाहेर. आत जाताना आणि बाहेर येताना चित्रावर इंद्रधनुष्यासारखे रंग पसरू नयेत म्हणून यंत्राच्या ड्रमवर फिरतं पुसणारं हेड लागे, फ्लाइंग इरेज हेड. ज्या दुकानात ते नव्हतं त्या दुकानाच्या कॅसेटी आम्ही दोन मिनिटांत ओळखायचो.

यंत्र कधीच नेमक्या चौकटीवर उतरत नसे. पाच-सात चौकटी इकडे तिकडे होणारच, आणि पालमध्ये सेकंदाला २५ चौकटी. मग चित्र बदलायचं कुठे? इथं मला शाळेतले मराठीचे मास्तर कामाला आले. आपली बहुतेक मंगलाष्टकं शार्दूलविक्रीडित वृत्तात असतात. ओळीत १९ अक्षरं, आणि बाराव्या अक्षरावर यती. म्हणणारा भटजी असो, नवरीची आत्या असो की हौसेनं स्वतः रचून आणलेला वराचा काका असो, बाराव्या अक्षराला श्वास घेतोच. उरलेली सात अक्षरं म्हणून ओळीच्या शेवटी पुन्हा घेतो. चित्र त्या श्वासात बदललं तर पाच-सात चौकटींची चूक कुणाच्या लक्षात येत नाही. उलट गाणाराच आपल्याला आजीकडे घेऊन गेला असं वाटतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही पुढे ओढली, एका ओळीची अक्षरं बोटांवर मोजली आणि नुसती मान हलवली. पुढच्या लग्नापासून ते काउंटरच्या आकड्याशेजारी ‘बारा’ किंवा ‘शेवट’ असं लिहू लागले.

घुम्या आवाजावर अण्णांचा दुसरा उपाय होता साधा टेपरेकॉर्डर. मांडवातल्या कर्ण्यापासून थोडा बाजूला, स्टुलावर, वर टॉवेल टाकून ते तो ठेवून द्यायचे. त्यावरचा आवाज व्हीएचएसपेक्षा कितीतरी स्वच्छ यायचा. अडचण एकच. दोन्ही यंत्रांच्या मोटरी स्वतंत्र, वेग किंचित वेगळा, त्यामुळे मिनिट-दोन मिनिटांत ओठ आणि शब्द यांची फारकत व्हायची. म्हणून तो आवाज जिथं बोलणाऱ्याचं तोंड दिसत नाही तिथंच वापरायचा. अण्णांचा नियम तिथंही तसाच लागू पडला. लग्नाच्या धांदलीत आणखी एक गोष्ट ते करायचे, जी मिरजेत मी दुसऱ्या कुणालाही करताना पाहिली नाही. लोक जेवायला गेले की रिकाम्या मांडवात दोन मिनिटं नुसती शांतता टेपवर घ्यायची. पंख्याची घरघर, कापडाची फडफड, लांब कुठे भांडी. दोन आवाजांच्या मध्ये जी फट पडते ती भरायला ही शांतता लागते. कोरी फीत तिथं घातली तर कान लगेच दचकतो.

आता दुसरं बटण. ऑडिओ डब.

१९९० नंतर गिऱ्हाईक येऊन पहिलं वाक्य बोलायचं, “गाणी टाकणार ना?” आमच्या दुकानात कॅसेटींची एक फळीच होती. साखरपुड्याची गाणी वेगळी, हळदीची वेगळी, वरातीची, पाठवणीची. सीमांतपूजनापासून गृहप्रवेशापर्यंत कडेच्या एक मिलिमीटर पट्टीवर सिनेमाची गाणी आणि बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लिहिली जाऊ लागली. लिहिताना खालचं आपोआप पुसलं जाई. याला कारणं होती. जनरेटरची धडधड, बेसूर बँड, आणि कॅमेऱ्याच्या तोंडाशीच माइक असल्यामुळे सगळ्यात मोठ्यानं ऐकू येणारं शूटिंगवाल्याचंच “इकडं बघा, वहिनी, इकडं बघा.” त्यावर गाणं घातलं की कॅसेट सुबक वाटायची. लोक खूश असायचे. म्हणून मी त्या काळातल्या दुकानदारांना दोष देत नाही.

पण पुसलं काय गेलं ते सांगितलं पाहिजे. आमच्या भागात हळदीच्या आधी घाणा भरतात. जात्याला हळद-सुपारी बांधून सुवासिनी दळायला बसतात आणि ओव्या म्हणतात. त्या ओव्यांत घरातल्या माणसांची नावं येतात, माहेरची गावं येतात, गेलेल्या माणसांची आठवण येते. चाल प्रत्येक घरची थोडी निराळी. १९९०च्या सुमारास त्या म्हणणाऱ्या बायका साठी-सत्तरीच्या होत्या. त्यांचे हात आणि जातं कॅसेटीवर दिसतं, तोंडं हलताना दिसतात, आणि ऐकू येतं नायक-नायिकेचं द्वंद्वगीत. हीच गत वऱ्हाडातल्या गप्पांची, विहिणींच्या एकमेकींना मारलेल्या कोपरखळ्यांची. मिरज-लातूर नॅरोगेजच्या गाडीची शिट्टी स्टेशनकडच्या प्रत्येक लग्नात असायची. ती लाइन आता रुंद झाली, तो आवाज उरला असेल तर अशाच एखाद्या कॅसेटीत. दोन ठिकाणी मात्र गाणं टाकायची कुठल्याही दुकानाची हिंमत झाली नाही. एक मंगलाष्टकं आणि दुसरे उखाणे. नवरीनं नाव घेतलं आणि ते ऐकूच आलं नाही, तर कॅसेट परत आणून आपटली जायची. म्हणून त्या काळातल्या नवऱ्या-नवरींचा आवाज आज जो काही उरला आहे तो बहुतांश उखाण्यात.

मात्र सगळ्याच कॅसेटींत खालचा आवाज मेलेला नाही. हे मला फार उशिरा कळलं.

ज्या दुकानांनी पुढे हाय-फाय व्हीसीआर घेतले, त्यांच्या मास्टर कॅसेटींत आवाज दोन ठिकाणी लिहिला गेला. एक कडेच्या पट्टीवर, आणि दुसरा फिरत्या ड्रमवरच्या वेगळ्या हेडांनी, चित्राच्या रेघांच्या खाली, फितीच्या आतल्या थरात. हा हाय-फाय आवाज उत्तम असतो, आणि तो चित्राला धक्का न लावता बदलता येत नाही. ऑडिओ डबचं बटण फक्त कडेची पट्टी बदलतं. म्हणजे मूळ कॅसेटीवरून मास्टर उतरवताना खरा आवाज दोन्हीकडे गेला, नंतर गाणं टाकलं ते फक्त कडेला, आणि आतल्या थरात खरं लग्न तसंच राहिलं. बहुतेकांच्या घरी साधे मोनो व्हीसीआर होते, त्यांवर फक्त कडेची पट्टी वाजायची. त्यांनी आयुष्यभर गाणीच ऐकली.

काही वर्षांपूर्वी एक ताई आईवडलांच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. पेनड्राइव्हवर करून हवी होती. मी ती हाय-फाय डेकमध्ये घातली आणि हळदीचा भाग सुरू झाला. ताई म्हणाल्या, “दादा, गाणं कुठं गेलं? इथं गाणं आहे.” गाणं नव्हतं. जात्याची घरघर होती, बांगड्या होत्या, आणि एक म्हातारा, किंचित कंप असलेला आवाज ओवी म्हणत होता. ओवीत तिनं नातवाचं नाव घेतलं आणि बाकीच्या बायका हसल्या. ताईंनी तोंडावर हात धरला. त्या पणजीला त्यांनी कधी बघितलं नव्हतं. त्यांच्या जन्माआधीच ती गेलेली. घरात तिचे दोन फोटो तेवढे होते. मी डेकवरचं बटण ‘नॉर्मल’वर केलं, तर गाणं आलं. ‘हाय-फाय’वर केलं, पणजी आली. ताईंनी ते बटण स्वतः चार-पाच वेळा इकडे तिकडे करून पाहिलं. नंतर त्यांनी मला ते दोन फोटो आणून दिले आणि म्हणाल्या, “ही ओवी याच्याखाली घालता येईल का?” मी घातली. त्या एका मिनिटाच्या कामाचं मला अजून समाधान आहे.

संगणक आला तेव्हा सिनेमावाल्यांची सुटी रीळ आम्हालाही मिळाली. डीव्ही कॅमेऱ्यांचं मानक १९९५चं, आमच्या गावात ते कॅमेरे दोन हजार सालाच्या आसपास हातात आले. मग पिनॅकलचं कार्ड, अडोबी प्रीमियर, आणि लग्नवाल्यांचा लाडका एडियस. पडद्यावर आवाजाच्या लाटा डोळ्यांना दिसू लागल्या. मंगलाष्टकातला श्वास आता काउंटरवर शोधायला नको, लाटेतली बारीक कंबर तीच. आवाज चित्राआधी आणला तर जे-कट, चित्रानंतर रेंगाळू दिला तर एल-कट. पोरं ही नावं पहिल्या आठवड्यात शिकतात. डीव्हीचं एका तासाचं चित्रीकरण सुमारे १३ जीबी जागा खायचं, आणि तेव्हाच्या हार्ड डिस्क २०-४० जीबीच्या. काम झालं की चित्र पुसावं लागे. नुसता आवाज मात्र तासाला सातशे एमबीच्या आत बसे. म्हणून प्रत्येक दुकानात आवाजांचा साठा झाला. पंगतीचा गलका, फटाके, ढोल-ताशा, सनई-चौघडा, टाळ्या. एका लग्नातला आवाज दुसऱ्या लग्नाखाली घालणं इतकं सोपं झालं की कुणी थांबून विचार करेना.

शेजारच्या गावातल्या एका दुकानानं केलेलं काम माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. पाठवणीच्या वेळी जनरेटर दारातच लागलेला, त्यामुळे मूळ आवाजात धडधडीशिवाय फारसं काही नव्हतं. दुकानदारानं साठ्यातलं दुसऱ्याच कुठल्या तरी लग्नातलं आईचं रडणं तिथं बसवलं. बसवलंही सफाईनं, आईनं पदर तोंडाला लावल्यामुळे ओठ दिसत नव्हते. घरच्यांनी सगळ्यांनी मिळून बघायला लावलं तेव्हा नवरीची मावशी मध्येच उठली. “ही आमची ताई नव्हं,” म्हणाली. “माझ्या बहिणीचं रडणं मला कळत न्हाई होय?” तोवर ती बहीण वारलेली होती. मला मूळ टेप मिळाली. जनरेटर शक्य तेवढा कमी केला आणि त्याच्याखालून आईचा आवाज जेवढा येत होता, दोन हुंदके आणि एकदा मुलीचं नाव, तेवढाच ठेवला.

अण्णांचा नियम तेव्हा अपुरा ठरला. तोंड दिसत नसलं की आवाज आपला, हे त्यांनी सिनेमात शिकलेलं, आणि सिनेमात ते बरोबर आहे. तिथं सगळंच रचलेलं असतं. लग्नाच्या कॅसेटीत आवाजाला मालक असतो. त्याच दिवशीचा, त्याच घरचा आवाज मी कुठेही नेईन. सकाळची सनई संध्याकाळच्या वरातीच्या तयारीवर नेईन, भटजींचं मंगलाष्टक आजीच्या डोळ्यांवर नेईन. पाऊस, फटाके, गाडीची शिट्टी साठ्यातनं आणीन. पण एका माणसाचा गळा दुसऱ्या माणसाच्या चित्राखाली माझ्या दुकानात जाणार नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांना हे मी पहिल्या दिवशी सांगतो.

गंमत म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत धंदा आपोआप खऱ्या आवाजाकडे वळला, आणि कारण निराळंच. लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यातल्या ५२व्या कलमानं मोकळीक दिली आहे. तेच गाणं व्हिडिओला जोडून लोकांसमोर ठेवणं ही वेगळी बाब. लोक लग्नाच्या फिल्म यूट्यूबवर टाकू लागले. तिथं २००७ पासून गाणी ओळखणारी कंटेंट आयडी नावाची व्यवस्था आहे. ती गाणं धरते आणि कधी कधी आवाजच बंद होतो. मग एडिटर नाइलाजानं मूळ टेपकडे वळले आणि त्यांना तिथं वडलांचं बोलणं, बहिणीचं हसणं सापडलं. आता ट्रेलरमध्ये गाण्याऐवजी वडलांनी हळदीच्या रात्री सांगितलेली दोन वाक्यं सबंध वरातीखाली चालवतात.

अण्णांचं स्टूलही परत आलं. कॅननचा ५डी मार्क टू २००८ साली निघाला तेव्हापासून लग्नाची फिल्म फोटोच्या कॅमेऱ्यावर होऊ लागली. त्याचा स्वतःचा आवाज कामाचा नसे आणि एक क्लिप जेमतेम १२ मिनिटं चाले. म्हणून भटजींच्या माइकशेजारी झूमचा छोटा रेकॉर्डर अखंड चालू ठेवतात आणि सुट्या क्लिपा नंतर त्याच्याखाली लावतात. डिजिटल घड्याळं अचूक असल्यामुळे ओठ बराच वेळ सुटत नाहीत, एवढाच फरक. आणि वर फिरणाऱ्या ड्रोनला तर माइकच नसतो. त्याच्या प्रत्येक चित्राखालचा ढोल जमिनीवरच्या कुणीतरी घेतलेला असतो.

शेवटी कपाटातल्या कॅसेटींबद्दल. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. त्यानंतर नवी यंत्रं येत नाहीत, आणि आहेत त्यांची हेडं झिजत चालली आहेत. कोकणातून येणाऱ्या कॅसेटींवर पांढरी बुरशी असते, ती तशीच चालवली तर हेड आणि फीत दोन्ही जातात. म्हणून आधी साफ करून घ्या. मग ज्याच्याकडे द्याल त्याला विचारा, हाय-फाय डेक आहे का. असेल तर तीच कॅसेट दोनदा उतरवायला सांगा, एकदा ‘नॉर्मल’वर आणि एकदा ‘हाय-फाय’वर. एकदाच उतरवून भागत नाही, कारण इन्सर्टनं चित्र बदलताना आतला हाय-फाय आवाजही चित्राबरोबर बदलला गेला. त्यामुळे मंगलाष्टकं अखंड मिळतील ती कडेच्या पट्टीवर आणि हळदीच्या ओव्या मिळतील त्या आतल्या थरात. दोन्ही फायली संगणकावर एकाखाली एक लावल्या की चित्र चौकटीला चौकट जुळतं, आणि कुठे कुठला आवाज ठेवायचा ते घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून ठरवता येतं. हे काम दुकानदाराला दुप्पट वेळेचं पडतं, त्याचे जास्तीचे पैसे द्या. मूळ कॅसेट मात्र परत मागून घ्या आणि तिच्या मागच्या कडेची छोटी प्लॅस्टिकची पट्टी मोडलेली आहे ना ते बघा, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही लिहिलं जाणार नाही.